आरोग्याचे सोवळे

गेल्या गुढीपाडव्याला सकाळी सहा वाजता, रंकाळ्याच्या काठावर, आम्ही नऊ पेन्शनरांनी चहा सोडला. कडुनिंबाचा पाला चावता चावता ही प्रतिज्ञा झाली; तोंड आधीच कडू झालेले असल्यामुळे त्या वेळी ती फारशी अवघड वाटली नाही. आमच्यातल्या एका निवृत्त इंजिनियरांनी मोबाइलवर आलेला एक लांबलचक मजकूर वाचून दाखविला. चहा हे मंद विष आहे, चहाने हाडे झिजतात, रक्त आटते, जठराची राख होते, आणि आपल्या पूर्वजांना चहा ठाऊक नव्हता म्हणून ते शंभर शंभर वर्षे जगत, असा त्याचा सारांश. पूर्वज सरासरीने किती वर्षे जगत, हे गणिताचा शिक्षक म्हणून विचारावेसे मला वाटले होते. पण सणाच्या दिवशी वाद कशाला, म्हणून गप्प बसलो. नऊ उजवे हात वर झाले. त्यात माझाही होता.

आज मी त्या प्रतिज्ञेविरुद्ध लिहीत आहे. पण चहाची तरफदारी वाचावयास मिळेल या आशेने कुणी बैठक मारून बसला असेल, तर त्याची निराशा होईल. मी घरी अजूनही चहा घेत नाही, घेण्याचा विचारही नाही, आणि सोडल्यापासून माझी प्रकृती सुधारली आहे हे मी शपथेवर सांगावयास तयार आहे. माझे भांडण आहे ते चहा सोडणाऱ्यांच्या तोऱ्याशी. देह शुद्ध ठेवण्याचे हे जे नवे वेड आमच्या पेठांतून शिरले आहे, त्यात मला माझ्या आजीचे सोवळे दिसू लागले आहे. आणि दुर्दैवाने ते मला उशिरा, दुसऱ्याच्या दारात उभे असताना दिसले. ती गोष्ट पुढे सांगतो. आधी प्रकृतीचे पाहू, कारण त्याबद्दल बोलण्याचा अधिकार मी डोकेदुखीच्या मोलाने मिळविलेला आहे.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी डोके जे ठणकू लागले, ते चार दिवस थांबले नाही. मी चिडलो, सुनेवर ओरडलो, वर्तमानपत्रातले शब्दकोडे फाडून टाकले. मागाहून वाचले तेव्हा कळले की यात माझ्या स्वभावाचा दोष थोडा आणि रसायनाचा जास्त होता. आपण जागे असतो तसतसे मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य काम करू लागते आणि ते आपल्याला झोपेची आठवण देते. कॅफीन त्याच्या जागा अडवून बसते. म्हणून चहा घेतला की तरतरी येते. ती तरतरी उसनी असते. रोज जागा अडविल्या की मेंदू आणखी जागा तयार करतो, आणि एके दिवशी अडविणारा आलाच नाही की सगळी देणी एकदम वसुलीला येतात. डोक्यातल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि डोके दुखते. शेवटच्या कपानंतर बारा ते चोवीस तासांत हे सुरू होते आणि फार तर नऊ दिवसांत संपते. कॅफीन पहिल्याने वेगळे काढले ते १८१९ साली रुंगे नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने, कॉफीच्या बियांतून. त्या बिया त्याला दिल्या होत्या कवी ग्योथेने. या भानगडीतही एक कवी असावा, याचे मला मुळीच आश्चर्य वाटले नाही. (आमच्या आईने मात्र या रसायनावर आपल्या परीने मात केली होती. झोप उडविणारी कॉफी आणि झोप आणणारे जायफळ ती एकाच कपात घालीत असे.)

डोकेदुखी गेल्यावर झोप सुधारली. याचेही कारण साधे आहे. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी अर्धे शरीरातून निघून जावयास साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या कपातला अर्धा ऐवज रात्री अकराला रक्तात फिरतच असतो. मी तीस वर्षे झोप येत नाही म्हणून परीक्षेचे पेपर तपाशीत बसलो आणि पेपर तपासताना पुन्हा चहा घेत राहिलो! जेवणाबरोबरचा चहा बंद झाला याचाही लाभ झाला असावा. चहातले टॅनिन अन्नातल्या लोहाला धरून ठेवते आणि ते अंगी लागू देत नाही. आपल्याकडे, विशेषतः बायकांत, रक्त कमी असणे ही घरोघरची तक्रार आहे, आणि पोळी-भाजीवर चहाचा कप ही घरोघरची रीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात जेवणाआधी आणि जेवणानंतर निदान तासभर चहा-कॉफी टाळावी असे स्पष्ट सांगितले आहे. हे ऐकण्यासारखे आहे.

पण त्याच मार्गदर्शनात दिवसाला तीनशे मिलिग्रॅम कॅफीनची मर्यादा सांगितली आहे, ती आमच्या टोळक्यातल्या कुणी वाचली नव्हती. मी बसून हिशेब केला. माझे दिवसाचे आठ कप. पण ते आमच्या गावचे कप, म्हणजे दोनात तीन केलेले. एका कपात तीस मिलिग्रॅम धरले तरी दोनशे चाळीस. म्हणजे मी मर्यादेच्या आत होतो! आता साखर मोजू. कपाला दोन चमचे, चमच्याला चार ग्रॅम, आठ कपांना चौसष्ट ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलेली मर्यादा दोन हजार कॅलरींच्या आहाराला पन्नास ग्रॅमची आहे, आणि शक्य तर पंचवीसवरच थांबा असा तिचा आग्रह आहे. तेव्हा विषच शोधावयाचे होते तर ते बशीत नव्हते, चमच्यात होते. हा हिशेब मी रंकाळ्यावर मांडला. कुणी काही बोलले नाही. आमच्यातले दोघे ऊसवाले आहेत, एकाने साखर कारखान्याचे संचालकपद भोगले आहे, आणि कोल्हापूर जिल्ह्यात राहून साखरेला विष म्हणणे म्हणजे पंढरपुरात राहून बुक्क्याला नावे ठेवण्यासारखे आहे. सारे पाप चहाच्या पत्तीवर ढकलून आम्ही पुढे चालू लागलो. तिथून महिन्याभरात टोळक्यातल्या सहा जणांच्या घरी गुळाचा चहा सुरू झाला. तो चहा नव्हे, असे त्यांचे म्हणणे आहे.

चहाला विरोध ही काही नवी गोष्ट नव्हे, आणि पूर्वीच्या विरोधकांची मला थोरवी वाटते. आमच्या लहानपणी तालमीत चहाचे नाव काढले तर वस्ताद कान पिरगाळीत. गंगावेशीत म्हशी उभ्या करून, डोळ्यांसमोर धार काढून दूध पिणाऱ्यांचे हे गाव. इथे चहा म्हणजे कारकुनाचे पेय. बंगालचे आचार्य प्रफुल्लचंद्र राय स्वतः रसायनशास्त्रज्ञ, त्यांनी चहाविरुद्ध लिहिले. गांधीजींनी १९४२ साली आगाखान पॅलेसच्या बंदिवासात आरोग्यावर जे छोटे पुस्तक लिहिले, त्यात चहा, कॉफी, कोको यांपैकी कशाचीच शरीराला गरज नाही असा निकाल दिला. तथापि या जुन्या लोकांच्या विरोधात आणि आमच्या प्रतिज्ञेत एक फरक आहे, आणि तो लहान नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर आसामातले मळे होते. तिथे करारात अडकविलेले, फटके खाणारे मजूर होते; १९२१ साली चरगोळा खोऱ्यातले हजारो मजूर मळे टाकून पायी घराकडे निघाले होते, ती वाताहत होती. सरकारने १९०३ साली कायदा करून चहावर पट्टी बसविली आणि त्या पैशातून आपल्याच लोकांना चहाची चटक लावण्याचा धंदा पुढे चालला, याचा त्यांना राग होता. ते चहा सोडीत ते दुसऱ्या कुणासाठी तरी. आम्ही नऊ जणांनी चहा सोडला तो स्वतःच्या पित्तासाठी, आणि मिरविला मात्र त्यांच्यासारखा.

आता ती गोष्ट.

प्रतिज्ञेला तिसरा महिना चालू होता. आमच्या शाळेत शिपाई म्हणून तीस-बत्तीस वर्षे नोकरी केलेले एक गृहस्थ आहेत. शाळेत सगळे त्यांना मामा म्हणत, तेव्हा इथेही मामाच म्हणतो. करवीर तालुक्यातल्या त्यांच्या गावी त्यांनी नवे घर बांधले. मुलगी परीक्षा देऊन सरकारी नोकरीत लागली, तिच्या पगारावर कर्ज काढून बांधलेले दोन खोल्यांचे, वर स्लॅब घातलेले घर. गृहप्रवेशाला मला जाता आले नव्हते, म्हणून पुढच्या रविवारी गेलो. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, शाहू महाराजांचीही होती. मामा जुन्या सवयीने उभेच राहिले. मी त्यांना हाताला धरून शेजारी बसविले, आणि आपण मोठे मनमोकळे आहोत असे मला वाटले. एवढ्यात मामांच्या बायको आतून ट्रे घेऊन आल्या. नव्या कपबश्या, त्यांवरची दुकानाची चिठ्ठी पुरती निघालीही नव्हती.

मी दोन्ही हात वर केले आणि म्हणालो, "नको नको, मी चहा सोडलाय."

बाई ट्रे हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. कोपऱ्यात मामांची म्हातारी आई बसली होती. नव्वदीची असेल, तिला ऐकू कमी येते, म्हणून ती मोठ्याने बोलते. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. त्यास्नी चालत नसंल आपल्यातलं."

मी गडबडलो. डॉक्टर, पित्त, झोप असे काहीतरी सांगू लागलो. मामांनी मला मध्येच थांबविले आणि अगदी शांतपणे आईला म्हणाले, "तसं न्हाई आई. सरांना डॉक्टरांनी बंद केलाय." मग बायकोला खूण केली. ट्रे आत गेला.

मामा माझ्यावर रागावले नव्हते, आणि त्यामुळेच मला परतीच्या वाटेवर ते जास्त लागले. एस.टी.त बसल्यावर माझ्या ध्यानात आले की असले डॉक्टर मामांना पुष्कळ माहीत होते. शिक्षकांच्या खोलीत आम्ही सतरा-अठरा शिक्षक होतो. मामांच्या थोरल्या मुलाचे लग्न झाले, मुलगी दहावीला पहिली आली, वडील वारले. त्या त्या वेळी आम्ही त्यांच्या जुन्या घरी गेलो. दर वेळी बाई चहा घेऊन येत. आणि दर वेळी आमच्यापैकी चार-पाच जण म्हणत: "आत्ताच झाला." "आज उपास." "पोट जरा बिघडलंय." "मला चहाचं पित्त होतं." उपासाला चहा चालतो हे मामांना माहीत नव्हते काय? (एकादशीला साबुदाणा आणि चहा हे कोणत्या शास्त्राने शुद्ध ठरविले, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे.) पित्ताची तक्रार सांगणारे ते गुरुजी शाळेच्या समोरच्या हॉटेलात दर तासाला दिसत, हे मामांनाच ठाऊक असावयाचे, कारण त्यांना बोलावून आणावयास मामाच जात. मी त्या वेळी चहा घेत असे. त्याचा मला अभिमानही होता. आणि आता, सत्तरीला टेकल्यावर, मी तेच वाक्य तोंडात घेऊन त्याच माणसाच्या नव्या घरात उभा होतो. माझे पित्त खरे होते. पण वाक्य खोटेपणाने इतके झिजलेले होते की त्यातून खरे ऐकू येणे शक्यच नव्हते.

अस्पृश्यता कायद्याने गुन्हा ठरली त्या १९५५ सालानंतर ती आपल्याकडे कोणत्या भाषेत बोलू लागली, हे कुणीतरी लिहून ठेवावयास हवे. ती प्रकृतीच्या भाषेत बोलू लागली. 'तुझ्या हातचे चालत नाही' असे म्हणण्याची सोय उरली नाही, तेव्हा पोट बिघडू लागले. माझी पहिली नोकरी एका खेडेगावातल्या शाळेत होती. तिथल्या हॉटेलाच्या बाहेर खुंटीला दोन कप वेगळे टांगलेले असत. ज्याचे त्याने घ्यावयाचे, मालक वरून चहा ओतणार, पिऊन झाल्यावर ज्याचे त्याने विसळून पुन्हा टांगावयाचे. मी एकदा मालकाला त्याबद्दल विचारले. तो म्हणाला, "गुरुजी, स्वच्छतेचा प्रश्न असतो." हे १९७८ साल. स्वच्छता, आरोग्य, पथ्य हे शब्द या मातीत कधीच निष्पाप नव्हते. ज्याला ते वापरावयाचे आहेत त्याने आधी ते कुणाकुणाच्या तोंडून येऊन गेले आहेत हे पाहावे.

मराठी समाजाच्या अब्रूचा निवाडा दोनदा चहाच्या कपात झाला आहे. पहिल्यांदा पुण्यात. १४ ऑक्टोबर १८९० या दिवशी पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने पुण्यातले नामांकित लोक जमले, आणि मिशनवाल्यांनी त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे ठेवली. त्यांत रानडे होते, टिळक होते. गोपाळराव जोशांनी चहा घेणाऱ्यांची नावे 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले आणि आपल्याच सुधारक मित्रांचे बोल ऐकून घेतले. केवढे मोठे लोक, केवढासा कप! परधर्मीयाने दिलेले पेय ओठाला लागले की नाही, यावर दोन वर्षे पुण्याची बुद्धी खर्च होत होती.

दुसरा निवाडा आमच्या कोल्हापूरचा. शाहू महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचे महार समाजातले एक नोकर होते. सवर्णांच्या पाण्याला शिवले म्हणून बरोबरच्या नोकरांनी त्यांना अमानुष मारले. महाराज बाहेरगावाहून परतल्यावर गंगारामांनी पाठीवरचे वळ दाखविले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, आणि गंगारामांना पुन्हा त्याच नोकरीत न ठेवता स्वतःचा धंदा काढावयास मदत केली. धंदा कोणता, तर चहाच्या हॉटेलाचा. भर गावात, भाऊसिंगजी रस्त्याला, 'सत्यसुधारक' या नावाने. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यावयास कोण येणार? कुणी येईना. तेव्हा महाराज आपली गाडी त्या हॉटेलापुढे थांबवू लागले. गाडीत बसून चहा मागवीत, स्वतः घेत, आणि बरोबर असलेल्या ब्राह्मण-मराठा मंडळींनाही घ्यावयास लावीत. राजाने दिलेला कप नाकारावयाचा कसा? अनेकांचे सोवळे त्या गाडीत सुटले. ही गोष्ट महाराजांच्या अखेरच्या काही वर्षांतली. ६ मे १९२२ रोजी ते वारले. मागाहून याच गंगाराम कांबळ्यांनी पुढाकार घेऊन नर्सरी बागेत महाराजांचे स्मारक उभारले.

आता विचार करा, महाराजांनाही प्रकृतीचे निमित्त सांगता आले असते. देह अवाढव्य होता, मधुमेहाने आणि हृदयविकाराने तो पोखरला होता. गाडी न थांबविता हॉटेलवाल्याला पैसे पाठविता आले असते. त्याला उपकार म्हणतात आणि ते राजांना सोपे असते. एखादा वटहुकूम काढता आला असता, आणि महाराजांनी तसे हुकूम काढलेही. १९१९ साली सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये असे हुकूम त्यांनी काढलेच होते. पण हुकमाने दार उघडते, घोट घशाखाली उतरत नाही. तो स्वतःच घ्यावा लागतो, आणि चार लोकांच्या देखत घ्यावा लागतो. हे ज्या गावात घडले, त्या गावात 'मी चहा सोडलाय' हे वाक्य दुसऱ्याच्या घरात जपून उच्चारावयाचे असते. मी ते तीन महिने छाती पुढे काढून उच्चारीत होतो.

रंकाळ्यावर मी हे सगळे सांगितले तेव्हा वादावादी झाली. इंजिनियर म्हणाले, "मग काय मधुमेह्याने समाजसुधारणेसाठी साखर खावी?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर मी टाळणार नाही. मधुमेह्याने साखर खाऊ नये. ज्याच्या छातीत धडधड होते त्याने चहाही घेऊ नये. गरोदर बाईने जपून घ्यावा. पण चहा नाकारला की माणूस नाकारला गेला, असे होऊ न देण्याचे शंभर उपाय आहेत. आम्ही ते करीत नाही, कारण आम्हाला आमचे व्रत मिरवावयाचे असते. बिनसाखरेचा मागा. अर्धा मागा. ताक मागा, गुळाचा खडा मागा, काहीच नको असेल तर तांब्याभर पाणी मागा आणि ते त्यांच्याच भांड्याने, न उंचावता, ओठ लावून प्या. मागणारा माणूस त्या घराचा ऋणी होतो. नाकारणारा तिथे जाऊनही आपल्याच घरी बसलेला असतो. आमच्या गुरुजींनी तीस वर्षे मामांच्या घरी कधी काही मागितले नाही.

दुसरे एक गृहस्थ म्हणाले, आता असले काही राहिलेले नाही, नवी पोरे कुठेही काहीही खातात. खातात खरी. पण नव्वदीच्या त्या म्हातारीला कुणी तसे कळविलेले नाही, आणि तिने जे ऐकले ते तिच्या अनुभवाशी इतके जुळत होते की तिला शंकासुद्धा आली नाही. तिसऱ्यांचे म्हणणे असे की मी साध्या गोष्टीत जात आणतो. मी आणीत नाही हो. मी ट्रे परत पाठविला तेव्हा ती आधीच त्या खोलीत बसलेली होती.

आणखी एक गोष्ट मला खटकते, ती थोडक्यात सांगतो. आमच्या टोळक्याने पुढे चहाच्या गाड्यांवर जाऊन लोकांना उपदेश करण्याचा बेत केला. मार्केट यार्डात पहाटे गुळाच्या रव्यांची हमाली करणारा माणूस, उसाच्या फडावर थंडीत कोयता घेऊन उभी असलेली बाई, यांचा सकाळचा चहा म्हणजे त्यांची न्याहारी असते; त्यात खारी किंवा शिळी भाकरी बुडविली की दुपारपर्यंत ढकलता येते. त्यांना चहा वाईट असे सांगावयाचे असेल तर जाताना प्रत्येकासाठी पेलाभर दूध नेले पाहिजे. हे मी सुचविले. बेत रद्द झाला.

मी मात्र दहा दिवसांनी पुन्हा मामांच्या गावी गेलो. न कळविता गेलो, कारण कळविले असते तर त्यांनी ताक तयार ठेवले असते. मामा घरी नव्हते. म्हातारी ओट्यावर ऊन खात बसली होती. मी तिच्या शेजारी बसलो आणि आत हाक मारून म्हणालो, "वहिनी, चहा टाका. कडक टाका."

बाई दारात आल्या, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "आणि डॉक्टर, सर?"

"डॉक्टर गावाला गेलेत."

त्या हसल्या की नाही ते मला सांगता येणार नाही, कारण त्या लगेच आत वळल्या. बरणीचे झाकण वाजले, स्टो पेटल्याचा आवाज आला. म्हातारीने माझा हात आपल्या हातात घेऊन मी कोण, कुठला, पोरेबाळे किती, हे सगळे पहिल्यापासून विचारले. चहा आला. कपाला तीन चमचे साखर असावी, वेलदोडाही होता. मी बशीत ओतून प्यालो. म्हातारी माझ्या तोंडाकडे पाहत होती. अर्धा झाल्यावर ती सुनेला म्हणाली, "अजून असंल तर दे त्यास्नी."

दुसराही घेतला. त्या रात्री अडीच वाजेपर्यंत माझा डोळा लागला नाही, आणि पित्ताने सकाळपर्यंत घसा जळत होता.